सात देव आणि गोविंदाण्णाचा फिल्टर

"मेस्त्री, गाडीत जीव न्हाई."

हे वाक्य मी तीसेक वर्षं ऐकलं आणि खरं सांगतो, दरवेळी मला गुदगुल्या झाल्या. पुढे काय निघेल याचा नेम नसायचा. एका गृहस्थांनी गाडीला नजर लागलीय म्हणून तीनदा लिंबू-मिरची बदलली आणि चौथ्यांदा माझ्याकडे आले. उघडून बघितलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण बाळंत झालेली. पिलं शेजारच्या भाताच्या गंजीत नेऊन सोडली आणि गाडीत जीव आला. गृहस्थ म्हणाले, "बघा, लिंबाचा गुण हाय, जरा उशिरा लागला इतकंच."

आमचं रामनगर बेळगाव–गोवा रस्त्यावर आहे. आजोबा खानापूरकडून इथे आले ते लाकडाच्या ट्रकांमागे, आणि मी ट्रकांच्या पोटाखाली गेलो. पन्नाशीपर्यंत मी डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचा मेस्त्री. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि कितव्या सिलिंडरला खोकला झालाय ते सांगायचं. लोक मला वैद्याइतका मान देत.

मग अशा गाड्या यायला लागल्या की बॉनेट उघडलं तर आत नुसतं प्लास्टिकचं झाकण. कान लावायचा कुठे? बावन्नाव्या वर्षी मी बेळगावात गाड्या लॅपटॉपवर तपासायच्या क्लासला बसलो. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडताना जरासा करकरला, म्हणून सवयीने बिजागरीला तेलाचा एक थेंब सोडला. क्लासमध्ये सगळे हसले. तो लॅपटॉप आजही लोण्यासारखा उघडतो आणि हसणाऱ्यांचे केव्हाच भंगारात गेले.

आता ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नव्या इंजिनात एक कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या पोटात एक मोठा तक्ता असतो. इंजिन एवढं फिरत असेल आणि ड्रायव्हरने पाय एवढा दाबला असेल, तर डिझेल एवढं सोड, हवा एवढी कोंब. त्या तक्त्याला मॅप म्हणतात. कंपनी तो सगळ्या देशाचा विचार करून लिहिते. वाळवंटातला माणूस, बर्फातला माणूस आणि माझा मेव्हणा, तिघांनाही गाडी चालवता आली पाहिजे. त्यामुळे तो हात राखून लिहिलेला असतो. तो तक्ता बदलून गाडीची ओढ वाढवायची, याला रिमॅप म्हणायचं. एक पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत. बसल्या जागी गाडी तरुण होते.

पहिला रिमॅप केला आणि ती गाडी अनमोडच्या घाटात तपासायला नेली. चढावर पाय दाबला, तर गाडी अशी उसळली की मी, दोन मुलींचा बाप, रामनगरच्या व्यापारी मंडळींत उठबस असलेला माणूस, काचा खाली करून ओरडलो. समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला वाटलं माझे ब्रेक गेले. बिचाऱ्याने बस पार कडेला घेतली. त्याला हात करून मी तसाच ओरडत पुढे गेलो. तो आनंद काय सांगू! पगारी नोकरदारांना तो मिळत असेल असं वाटत नाही.

पण आनंदाला शेपूट असते. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक फिल्टर बसवलेला असतो. त्याचं काम धुरातली काजळी अडवणं. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात, त्यात काजळी साठत जाते. बरीच साठली की कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल सोडून तो फिल्टर लालबुंद होईपर्यंत तापवतो आणि काजळी आतल्या आत जाळून टाकतो. चुलीवरचं धुराडं कधीकधी आपसूक पेटून स्वच्छ होतं, तसंच. फक्त याला वेळ लागतो. वीसेक मिनिटं गाडी न थांबता, इंजिन चांगलं फिरत ठेवून चालली पाहिजे. मध्येच बंद केली तर जाळणं अर्धं राहतं. असं चारदा झालं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मग गाडी लंगडायला लागते, वेगाचा काटा चाळीसच्या वर जात नाही. आणि रिमॅप केलेल्या गाडीत डिझेल जास्त, म्हणजे काजळीही जास्त. तरुणपणाची किंमत फिल्टर मोजतो.

"मग तो फिल्टर काढूनच टाका की!" गिऱ्हाईक म्हणायचं. काढता येतो. फिल्टरचं पोट फोडून आतलं पोळं काढायचं, डबा परत शिवायचा आणि कॉम्प्युटरला खोटं सांगायचं की फिल्टर ठणठणीत आहे. हे कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं. तरी एकदा केलं. खडीचा एक कंत्राटदार ओळखीचा होता, गळ्यात पडला, आणि मलाही हात चालवून बघायची खाज होती. काम झालं. कंत्राटदार खूश झाला आणि त्या खुशीत त्याने माझ्या गॅरेजच्या दारातच पाय तळापर्यंत दाबला.

गॅरेजच्या पत्र्यावर आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मिळून केलेले तांदळाचे पापड वाळत होते.

काळ्या धुराचा ढग विरायला बराच वेळ लागला. विरल्यावर पत्र्यावर जे दिसलं ते पापड होते असं कोर्टातही सिद्ध करता आलं नसतं. नऊ घरच्या बायका पदर खोचून आल्या. कंत्राटदार पळाला, मी कुठे पळणार? आमच्या हिने, म्हणजे शोभाने, त्यातला एक काळा पापड उचलला, भोक पाडून सुतळी ओवली आणि गॅरेजात माझ्या लॅपटॉपच्या वर खिळ्याला टांगला. "हा काढायचा न्हाई," म्हणाली, "आणि तसलं काम परत करायचं न्हाई." पापडाचं मी हसण्यावारी नेलं. पण तोच धूर रस्त्यावरच्या माणसांच्या पोटात जाणार होता आणि तिथे पापडासारखा दिसणार नव्हता. त्याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर मी एकाही फिल्टरचं पोट फोडलं नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण गोविंदाण्णा.

गोविंदाण्णा कुंभारवाड्याकडच्या एका वाडीतला. वाडी म्हणजे रानात विखुरलेली दहाबारा घरं. शिडशिडीत, अबोल, भाताची शेती करणारा. एसटी तिकडे येते तेव्हा येते, म्हणून त्याने गोव्यात एक जुनी सात माणसांची डिझेल गाडी घेतली. सात म्हणजे कंपनीच्या हिशेबाने, वाडीच्या हिशेबाने दहा. आठवड्यातून तीन दिवस तो वाडीतल्या लोकांना रामनगरला आणायचा. त्यात पारूअक्का ठरलेली. सत्तरीची बाई, परड्यातले कंद विकायला आणायची आणि दम्याचं औषध घेऊन जायची. मागच्या दरवाजाजवळची सीट तिची. तिथे दुसरं कुणी बसलं तर ती उभ्याउभ्या त्याच्या सात पिढ्या मोजायची.

"गाडी चढतीया, खरं लई रखडतीया," गोविंदाण्णा म्हणाला. "शेरडं फुडं जातात."

मी लगेच लॅपटॉप उघडला. मला कुणी थांबवायला हवं होतं, पण आमच्या धंद्यात थांबवणारं कोण असतं? चांगला सणसणीत रिमॅप मारला. दोन दिवसांनी गोविंदाण्णा आला तो चक्क हसत. वाडीच्या चढावर गाडी अशी गेली म्हणे, की मागच्या सीटवरचे कंद पुढे आणि पुढची माणसं मागे. पारूअक्काने मला एक ढोपराएवढा कंद बक्षीस पाठवला. मी आठ दिवस हवेत होतो.

तिसऱ्या आठवड्यात पिवळा दिवा लागला.

घाबरायचं कारण नव्हतं. गाडी गॅरेजात उभी करून लॅपटॉपवरून हुकूम दिला, जागेवरच फिल्टर तापवला, काजळी जाळली, दिवा गेला. दोन आठवड्यांनी परत दिवा. मी गोविंदाण्णाला समजावलं, "वाडीतनं निघालास की तिसऱ्या गिअरात ठेव, इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा दोन हजाराच्या खाली येऊ द्यायचा न्हाई. वीस मिनिटं सलग. वाटेत गाडी थांबवायची न्हाई. तुझा रस्ता तासाभराचा हाय, जळंल आपोआप."

"व्हय," गोविंदाण्णा म्हणाला. हा माणूस सांगितलेलं अक्षर मोडत नाही. वाटेत हात करणाऱ्यांना त्याने चालत्या गाडीत चढवलं, उतरणाऱ्यांना उड्या मारायला लावलं. एका म्हाताऱ्याची कोंबडी खिडकीतून बाहेर गेली तरी गाडी थांबवली नाही. वाडीत सगळ्यांना पाठ झालं होतं की फिल्टर जळूलालाय, गप बसा.

आणि दिवा परत लागला.

त्यातच एक दिवस तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "मेस्त्री, गाडी ऑइल खाईना झालीया. उलट वाढतंय बघा की!" डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल खरंच खुणेच्या वर आलेलं. वाडीत सगळ्यांना वाटलं, गाडी लाभली, दुभती निघाली. मी थेंब बोटावर घेऊन हुंगला. डिझेलचा वास. काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल, जाळणं अर्धवट राहिलं की इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. असंच चाललं तर एक दिवस इंजिनच बसणार होतं. ऑइल बदलून दिलं. पण आता माझ्या लक्षात आलं होतं की जाळणं सुरू होतंय आणि कुणीतरी ते मोडतंय.

"कुठं थांबतोस काय?"

"न्हाई ओ. देवाशपथ."

त्याच्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. मग म्हणाला, "मेस्त्री, एक सांगू? गोव्याकडचा एक जण फिल्टर फोडून देतो म्हणतोय. तुम्ही करत न्हाई, ठावं हाय. खरं गाडी लंगडूलाली तर वाडीची मान्सं कशी येणार? पंधरा दिवस बघतो. न्हाईतर फोडून आणतो."

फिल्टर फोडला तर सगळा काळा धूर चढावर मागच्या दरवाजातून आत येणार, आणि मागच्या दरवाजाशी कोण बसतं? पारूअक्का, दम्यासकट. आणि नाही फोडला तर गाडी बंद आणि पारूअक्का घरात. दोन्हीकडून पारूअक्काच. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी ठरवलं, स्वतः बसून बघायचं. आदल्या संध्याकाळी वाडीवर मुक्कामाला गेलो आणि सकाळी मांडीवर लॅपटॉप घेऊन पुढच्या सीटवर बसलो. मागे पारूअक्का, तिचा थोरला भाऊ बुधवंत आणि बाकी मंडळी. बुधवंत हे त्याचं नाव नव्हे. वाडीतल्या जाणत्याला तिकडे बुधवंत म्हणतात. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा.

गाडी सुटली. पाचव्या मिनिटाला स्क्रीनवर जाळणं सुरू झालं. माझं भान हरपलं. "साडेचारशे!" मी उष्णतेचा आकडा ओरडलो. "पाचशे! सहाशे!" मागच्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आकडा चढतोय म्हणजे चांगलंच असणार म्हणून तेही ओरडायला लागले. मग काजळीचा आकडा उतरू लागला. "सत्तर टक्के! पासष्ट! साठ!" आता उतरतोय म्हटल्यावर काही जणांनी हळहळ व्यक्त केली. मी मागे वळून सांगितलं की हा उतरायलाच हवा, तर परत जल्लोष. पारूअक्का टाळ्या वाजवत म्हणाली, "पाड त्याला, मेस्त्री, आणि पाड!"

पंचेचाळीस टक्क्यांवर गोविंदाण्णाने शांतपणे गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम सामसूम. झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड. सगळ्यांनी हात जोडले. गोविंदाण्णा खाली उतरला, हिरवी डहाळी तोडून दगडापुढे ठेवली, परत आला. जाळणं मध्येच तुटल्याने तापून राहिलेल्या इंजिनचा पंखा तेवढा घों घों फिरत होता. "देवाला वारा घालूलालीया गाडी," पारूअक्का भक्तिभावाने म्हणाली. "अलीकडं रोज घालती."

"गोविंदाण्णा," मी म्हणालो, "तू थांबत न्हाईस म्हणालास ना?"

"मग थांबलो कुठं? देवाला नमस्कार केला."

त्याला मी काय विचारतोय तेच कळेना. दारातून बाहेर पडताना चप्पल घालतोस का असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. देवासमोरून गडगडाट करत जायचं नाही. आधी बैलगाडीच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरायचे, आता किल्ली फिरवायची. हे सांगण्यासारखं आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आणि असे देव वाटेत किती?"

"सात."

घड्याळ लावून मी सगळा रस्ता मोजला. शेताच्या कडेचा देव, ओढ्याजवळची आई, दोन वडांखालचे दोघे, घाटातला राखणदार, बांबूच्या बनातली आणि रामनगरच्या अलीकडचा मारुती. दोन देवांमधलं सगळ्यात लांब अंतर अकरा मिनिटांचं. फिल्टरला हवीत वीस. हसावं की रडावं? मी हसलो. इतका हसलो की पाणी प्यावं लागलं. परदेशात बसून ज्या इंजिनिअरांनी तो फिल्टर तयार केला, त्यांनी ऊन, थंडी, धूळ, सगळं धरलं असेल. ओढ्याजवळची आई धरली नव्हती.

मी म्हटलं, मग आठवड्यातून एकदा बेळगावच्या मोठ्या रस्त्याला गाडी पळवून आण. बुधवंताने विचारलं, "तिकडं देव न्हाईत?" म्हटलं, असतील, पण तुमच्या ओळखीचे नसतील. बुधवंताने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. गोविंदाण्णा म्हणाला, "आणि रिकामी गाडी पळवत बसलो तर शेतात कोण जाणार?"

शेवटी पारूअक्काने तोडगा काढला. "देवालाच इचारूया की." म्हणजे कौल लावायचा. दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ओढ्याजवळच्या आईचा कौल सातही देवांना चालतो, असं ठरलं. रविवारी सकाळी सगळी वाडी जमली. मी आंघोळ करून, लॅपटॉप काखेत मारून हजर.

बुधवंताने मला बाजूला घेऊन सगळं दोनदा समजून घेतलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आयुष्यात मी फिल्टरबद्दल पुष्कळ बोललो, पण असं मला कधी जमलं नाही.

"हे आई म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या गाडीच्या पोटात काजळी साठलीया!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी.

"ती काजळी जाळाय इस्तू लागतोय, आणि इस्तवाला वीस मिण्टं लागत्यात!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या फुडं गाडी बंद केली तर इस्तू इझतोय, ऑइल पातळ हुतंय, पिवळा दिवा लागतोय!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"तर आई, किल्ली न फिरवता, नुसता हात जोडून फुडं जाऊ काय? उजवी दे!"

आम्ही सगळे त्या दोन पाकळ्यांकडे बघत होतो. पन्नास सेकंद, मिनिट. मी मनात म्हणत होतो, आई, उजवी. माझी लाज राख. पाकळी हलली, घसरली आणि पडली.

डावी.

बुधवंताने आणखी दोनदा विचारलं. दोन्हीदा डावी. गोविंदाण्णा मान खाली घालून म्हणाला, "मग उद्या गोव्याला जातो." माझ्या मनात देवांचा राग होता, इंजिनिअरांचा राग होता, गोविंदाण्णाच्या भाबडेपणाचासुद्धा राग होता. पारूअक्का मात्र खाली बसून जमिनीवर बोटाने रेघा मारत होती.

"गोविंदा, गाडी घेतलीस त्याला किती दिवस झालं?"

"दीड वरीस."

"पयल्यांदा दिवा लागत व्हता?"

"न्हाई."

"तवा देव न्हवतं?"

"असं कसं? व्हतंच की."

"तू गाडी बंद करत न्हवतास?"

"करत व्हतो."

"मग ह्यात नवं काय आलंय?"

सगळ्या वाडीने हळूहळू माना वळवल्या आणि माझ्याकडे बघितलं. ओढ्याजवळच्या आईनेही बघितलं असावं.

तीस वर्षांत माझी इतकी सरळ परीक्षा कुणी घेतली नव्हती. ही बाई म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. कंपनीच्या मॅपवर काजळी थोडी पडायची. देवांच्या मधल्या वेळात जेवढी जळायची तेवढी पुरायची. मी ओढ वाढवली, डिझेल वाढवलं आणि फिल्टरच्या तोंडात मावणार नाही एवढा घास कोंबला. देव सातच्या सात जागच्या जागी होते. जागा सोडली होती ती मी. दिवा लागल्यावर मी देवांची मिनिटं मोजली, गोविंदाण्णाच्या थांबण्याचा हिशेब घेतला, पण स्वतःचा तक्ता परत उघडून बघितला नाही. मेस्त्रीला स्वतःची चूक दिसायला एवढा वेळ लागावा याचं मला फार वाईट वाटलं. हे मी तिथेच मोठ्याने कबूल केलं.

"मग जुनं हुतं तसं करा," गोविंदाण्णा म्हणाला.

जुना तक्ता परत बसवणं दहा मिनिटांचं काम होतं. पण आता मला चेव आला होता. नुसतं मागे जाऊन काय उपयोग? म्हटलं, गोविंदाण्णा, गोव्याला जाऊ नकोस, मला राहिलेले दिवस दे. मी इंजिनचा नकाशा देवांच्या नकाशावर बसवतो.

ते दिवस मी जे काम केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम. डिझेल कमी केलं. कंपनीपेक्षा थोडंसं जास्त, माझ्या पहिल्या मापापेक्षा पुष्कळ कमी. मग दुसरी गोष्ट केली, तिचा मला खरा अभिमान आहे. कंपनीचा कॉम्प्युटर फिल्टर बराच भरेपर्यंत वाट बघतो आणि मग एकदम जाळतो, म्हणून वीस मिनिटं लागतात. मी त्याला सांगितलं, वाट बघू नकोस. थोडी काजळी साठली की लगेच जाळ. रोज अंगण झाडलं तर दिवाळीला कंबर मोडत नाही. थोडी काजळी असेल तर नऊदहा मिनिटांत जळून जाते, आणि मला मिळत होती अकरा. शोभा जेवायला हाका मारायची, मी म्हणायचो, "थांब, वडाखालचे दोघं जुळत न्हाईत." तिला वाटलं मी लग्नं जमवायला लागलोय.

फिल्टर गॅरेजात पूर्ण साफ केला, नवा तक्ता भरला आणि गाडी वाडीला पाठवली. आता काजळी साठून ती आपली आपण कधी जळते ते बघायचं होतं. पंधरावा दिवस बाजाराचा होता. मी परत पुढच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. गोविंदाण्णाने आदल्या दिवशी गोव्याच्या माणसाला फोन करून ठेवला होता. वाट बघ, रामनगरात पोचल्यावर सांगतो. दिवा लागला तर तिथूनच गाडी गोव्याला.

घाटातल्या राखणदारापुढे गाडी बंद झाली, डहाळी ठेवली, गाडी सुरू झाली. इथून बांबूच्या बनापर्यंत अकरा मिनिटं. पहिल्या मिनिटाला काजळीची ठरवलेली पातळी भरली आणि जाळणं सुरू झालं.

या वेळी मी ओरडलो नाही. मागून पारूअक्का म्हणाली, "मेस्त्री, आकडा सांग की! मेलास काय?"

"तीस टक्के," मी म्हणालो. "अठ्ठावीस. पंचवीस."

सहा मिनिटं. वीस टक्के. आता सगळी गाडी माझ्याबरोबर आकडे म्हणत होती. आठ मिनिटं. तेरा. समोर बांबूचं बन दिसायला लागलं. गोविंदाण्णा एकदा बनाकडे, एकदा माझ्या स्क्रीनकडे बघत होता. वेग कमी केला तर आग विझणार, नाही केला तर देवी आधी येणार. "आठ! सात!" म्हातारे, बाया, कुणाच्या मांडीवरचं पोर, सगळे एका सुरात. "सहा! पाच!" आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. पूर्ण. जळलं.

"जळलं!" मी किंचाळलो.

गोविंदाण्णाने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. पंखा घोंघावला नाही. सगळे हात जोडून बसले आणि त्या शांततेत हसू दाबताना कुणाकुणाच्या नाकातून आवाज यायला लागले. बुधवंताने डोळे वटारले, पण खांदे त्याचेही हलत होते. गोविंदाण्णा डहाळी ठेवून आला, खिशातून फोन काढला आणि गोव्याच्या माणसाला एवढंच म्हणाला, "न्हाई येत." मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

बाजार झाला, औषध घेतलं, संध्याकाळ व्हायच्या आत परत निघालो. मीही बरोबर गेलो, मला त्या गाडीतून उतरवेना. वाडीच्या खालच्या शेवटच्या चढावर गाडी दम टाकायला लागली. माणसं दहा, शिवाय बाजाराची पोती, आणि ओढ मी काढून घेतलेली. गोविंदाण्णाने दुसरा टाकला, पहिला टाकला. गाडी जेमतेम सरकायला लागली.

"एकानं उतराय पायजे," तो म्हणाला.

कुणी विचारविनिमय केला नाही. "मला दमा हाय," पारूअक्काने जाहीर केलं आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "आणि ह्यो सगळ्यात जड हाय."

मी उतरलो. हलकी झालेली गाडी चढू लागली आणि मी तिच्या मागोमाग, सायलेन्सरपासून दोन हातांवर, धापा टाकत चढ चढू लागलो. मागच्या काचेतून पारूअक्का मला पाय उचल म्हणून खुणा करत होती. धाप लागलेल्या माणसाला तोंड उघडूनच श्वास घ्यावा लागतो. मी वरपर्यंत तसाच गेलो, तोंड उघडं टाकून, आणि मला एकदाही खोकला आला नाही.